गाडी बुक करण्याआधी गॅरेज मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्यावरच्या पार्किंगविषयी आपल्या वृत्तपत्रातून वरचेवर लिहून येते आणि ते यायलाच हवे. परंतु घराच्या आवारात, स्वतःच्या गॅरेजमध्ये गाडी लावताना किंवा काढताना होणाऱ्या नुकसानीविषयी फारसे कुणी लिहीत नाही. मोटार विम्याच्या दाव्यांची पाहणी करणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि अशा गाड्या माझ्या नजरेखालून सतत जातात. डावीकडचा मागचा दरवाजा आणि त्यामागचा चाकावरचा पत्रा खांबाला घासून आडवा सोललेला, आरसा मुळापासून लोंबकळणारा, मागचा बंपर भिंतीला लागून कोपऱ्यात चेपलेला, ही त्यांची नेहमीची लक्षणे. घरात मग दोष येतो तो चालवणाऱ्यावर. बहुधा नुकत्याच गाडी शिकलेल्या मुलीवर, नाहीतर साठी ओलांडलेल्या वडिलांवर. माझा अनुभव असा की यांपैकी पुष्कळ प्रकरणांत चूक हाताची नसते, मापाची असते, आणि माप ही गोष्ट गाडी घरी येण्याआधी, टेप घेऊन दहा मिनिटांत कळण्यासारखी आहे. ती कळून घेतली जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

पुण्यात प्रभात रस्ता, मुकुंदनगर, सहकारनगर अशा जुन्या वसाहतींमधील बंगल्यांची गॅरेजे पाहिली की ती कोणत्या गाड्यांसाठी बांधली गेली हे लगेच लक्षात येते. त्या काळची फियाट दीड मीटरपेक्षाही कमी रुंद होती आणि अॅम्बॅसेडर सुमारे १.६६ मीटर. गॅरेजचे दार आठ फुटांचे, म्हणजे साधारण २.४४ मीटरचे असले, तर फियाटच्या दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ मीटरभर जागा उरत असे. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० तर फियाटहूनही अरुंद होती. आज त्याच दारातून जी गाडी आत घालायची आहे, ती ह्युंदाई क्रेटा असेल तर तिची रुंदी १.७९ मीटर आहे, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० असेल तर १.८९ आणि स्कॉर्पिओ एन असेल तर १.९१७ मीटर. शेवटच्या गाडीला आठ फुटी दारात दोन्ही बाजूंना मिळून बावन्न सेंटिमीटर उरतात. ही सर्व मापे आरसे धरून नव्हेत. माहितीपत्रकात बहुतेक वेळा आरशांशिवायचीच रुंदी छापलेली असते आणि उघडे आरसे धरले की तीत सहज वीस सेंटिमीटरची भर पडते. म्हणजे कागदावर प्रत्येक बाजूला वीतभराहून अधिक दिसणारी जागा प्रत्यक्षात वीतभरही उरत नाही.

'आमची गाडी तर चार मीटरच्या आतली, छोटी आहे' असे मानणाऱ्यांचीही इथे फसगत होते. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले, आणि आजच्या वस्तू व सेवा कराच्या रचनेतही लहान गाडी कोणती हे ठरवताना तीच चार मीटरची लांबी पाहिली जाते. रुंदीवर असे कोणतेच बंधन नसल्यामुळे उत्पादकांनी लांबी चार मीटरच्या आत ठेवून गाड्या आडव्या वाढवल्या. टाटा नेक्सॉनची लांबी ३.९९५ मीटर आहे, पण रुंदी १.८०४ मीटर, म्हणजे तिच्याहून कितीतरी लांब असलेल्या क्रेटापेक्षाही किंचित अधिक. लांबी कमी म्हणून गॅरेजचे शटर तिच्यामागे बिनतक्रार बंद होईल, मात्र आत गेल्यावर दरवाजा उघडून उतरता येईल की नाही, हा प्रश्न त्या मोठ्या गाडीइतकाच राहील.

म्हणून माझी पहिली विनंती गाडी घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आहे. गॅरेजची रुंदी तीन ठिकाणी मोजावी: दारात, मध्यावर आणि जिथे भिंतीतून काहीतरी पुढे आले आहे तिथे. दार मोजताना चौकट किंवा शटरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वगळून मोकळे अंतर घ्यावे. उंची मोजताना शटर पूर्ण वर गुंडाळल्यावरही खाली लोंबणारी त्याची कड धरावी, कारण छतावर रेल्स किंवा अँटेना असलेल्या उंच गाड्यांचे नुकसान तिथेच होते. मागचे दार वर उघडणाऱ्या गाड्यांसाठी आतल्या तुळईची उंचीही पाहायला हवी. त्यानंतर विक्रेत्याकडे चाचणीसाठी गाडी मागताना ती रिकाम्या हमरस्त्यावर न पळवता सरळ घरी आणावी आणि आपल्या गॅरेजमध्ये लावून, दरवाजा उघडून, उतरून पाहावे. बरेच विक्रेते चाचणीची गाडी घरापर्यंत आणून देतात, आणि विकत घेण्याआधी एवढे पाहून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. घरात गाडी चालवणारे जितके जण असतील, त्या प्रत्येकाने ते करून पाहावे.

आता गाडी आहे आणि गॅरेज अरुंद आहे, ते बदलता येणार नाही, अशांसाठी. अनेकजण गाडी दोन्ही भिंतींच्या बरोबर मध्ये लावण्याची शिकस्त करतात. अरुंद गॅरेजमध्ये हे चुकीचे आहे. अडीच मीटर रुंदीच्या जागेत क्रेटा मध्यभागी लावली तर दोन्ही बाजूंना साडेपस्तीस सेंटिमीटर उरतात. तेवढ्यातून ना इकडून नीट उतरता येते ना तिकडून, आणि दरवाजाची कड रोज भिंतीवर आपटते. त्याऐवजी बरोबरच्या मंडळींना बाहेरच उतरवून, डावा आरसा शेवटी मिटून, डावीकडे पंधरा सेंटिमीटर ठेवले की चालकाच्या बाजूला छप्पन्न सेंटिमीटर मिळतात. तेवढ्यात मध्यम अंगाचा माणूस भिंतीला न घासता उतरू शकतो. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे असते आणि डावी बाजू चालकाला दिसत नाही, म्हणूनच सर्वाधिक काळजी तिचीच घ्यायची. त्यासाठी जमिनीवर, डाव्या चाकांनी जिथून जायचे तिथे, पांढऱ्या किंवा पिवळ्या ऑइलपेंटची सरळ रेघ दाराच्या बाहेर दीड-दोन मीटरपर्यंत ओढावी. डावा आरसा थोडा खाली झुकवला की मागचे चाक आणि ती रेघ दोन्ही एकत्र दिसतात, आणि मग अंदाज बांधण्याचे कारणच उरत नाही. ही रेघ ओढायला एक लहान डबा रंग आणि एक दोरी पुरते. ज्या घरांनी माझ्या सांगण्यावरून ती ओढली, त्या घरांचा मला नंतर आवर्जून फोन आला.

गाडी पुढून घालावी की मागून, यावर घराघरांत मतभेद असतात. दोन्ही बाजूंना भिंत असलेल्या गॅरेजात शक्य असेल तर ती रिव्हर्समध्येच लावावी, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याला कारण आहे. वळताना पुढची चाके जी वाट घेतात, तिच्या आतल्या बाजूने मागची चाके जातात. त्यामुळे नाक पुढे करून वळत आत शिरणाऱ्या गाडीचा पुढचा भाग खांब सहीसलामत ओलांडतो, चालकाला वाटते निभावले, आणि नेमक्या त्याच वेळी मागचा दरवाजा त्या खांबाला लागतो. वर सांगितलेले आडवे ओरखडे येतात ते असे. रिव्हर्समध्ये न वळणारी मागची चाके आधी आत जातात आणि वळणारी चाके बाहेरच्या मोकळ्या जागेत राहतात, म्हणून गाडीची शेपूट हवी तिथे अचूक नेता येते; शिवाय सकाळी निघताना रस्ता समोर दिसतो. याला एक पथ्य आहे. मागे जाताना गाडीचे नाक बाहेरच्या अंगाला फेकले जाते, तेव्हा समोरच्या कुंपणाला किंवा शेजारच्या गाडीला पुढच्या बंपरचा कोपरा लागू शकतो, तिकडेही लक्ष हवे. आणि दोन्हीपैकी कोणत्याही पद्धतीत गाडी भिंतींशी समांतर होण्याचे काम दाराबाहेर पूर्ण झाले पाहिजे. अर्धी गाडी आत गेल्यावर स्टेअरिंग फिरवून वाकडेपणा सुधारण्याचा प्रयत्न केला की गाडीचे एक टोक सुधारते आणि दुसरे भिंतीकडे जाते. तेव्हा न लाजता पूर्ण बाहेर यावे आणि पुन्हा सुरुवात करावी. मागे कुणी हॉर्न वाजवत असेल तर त्याला वाजवू द्यावा.

मागे उभे राहून 'येऊ दे, येऊ दे' म्हणणाऱ्यांविषयीही लिहिणे भाग आहे, कारण त्यांच्या मदतीने झालेले नुकसान मी पुष्कळ पाहिले आहे. मदत करणारा माणूस गाडी आणि भिंत यांच्या मध्ये कधीही उभा राहू नये. ते जिवावर बेतू शकते. त्याने चालकाला आरशात दिसेल अशा जागी, बाजूला उभे राहावे आणि थांबण्यासाठी एकच शब्द आधी ठरवून ठेवावा. 'येऊ दे'नंतर 'अरे अरे अरे' ऐकू आले की चालकाला ब्रेक दाबायचा की स्टेअरिंग फिरवायचे, हे कळत नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर पाय ब्रेकवरच ठेवून, ब्रेक हलका सोडत गाडीला आपोआप सरकू द्यावे. अरुंद जागेत अॅक्सिलरेटरला पाय लावण्याची गरज सपाट जमिनीवर पडत नाही. घरात लहान मूल असेल, तर ते कुणाच्या तरी हाताशी आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये.

१ जुलै २०१९ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक आहेत, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु ते ध्वनिलहरींवर चालतात आणि त्यांची नजर फक्त बंपरच्या पातळीवर, मागच्या दिशेला असते. बारीक पाइप, बंपरखाली दडलेला दगड, वरून आलेली शटरची कड आणि दोन्ही बाजूंच्या भिंती त्यांना दिसत नाहीत. कॅमेऱ्याची काच रुंद कोनाची असल्यामुळे त्यात भिंत आहे त्यापेक्षा दूर भासते, आणि पावसाळ्यात तर त्या काचेवर चिखलाचा थर असतो. अरुंद गॅरेजमधले बहुतेक नुकसान बाजूंचे असते, तेव्हा मागे पी-पी वाजत नाही म्हणून सगळे ठीक आहे, असे समजू नये.

गॅरेजच्या आतले चित्र तर याहून सुधारण्यासारखे आहे. एका बंगल्यातले उदाहरण देतो. तिथे भिंतीतून गाडी धुण्याचा पितळी नळ बाहेर आला होता, साधारण गुडघ्याच्या वर, नेमका दरवाजाच्या फुगीर भागाच्या उंचीवर. त्या घरातल्या दोन गाड्यांच्या दरवाजांवर एकाच उंचीवर एकसारखे पोचे होते. नळ कोपरा घालून आत घेता आला असता, किंवा दाराबाहेर हलवता आला असता. प्लंबरचे अर्ध्या दिवसाचे काम. अशाच जागा म्हणजे मीटरच्या पेटीचा कोपरा, इन्व्हर्टरची फळी, सायकल टांगण्याचे हूक, भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी. घरातली अडगळ गॅरेजमध्ये जाऊन बसते आणि गाडी उरलेल्या जागेत दाटीवाटीने उभी राहते. दरवाजा हळूच उघडून त्याची कड भिंतीला जिथे टेकते तिथे खडूने खूण करावी आणि तेवढ्याच पट्ट्यात, पाणी न शोषणाऱ्या फोमची किंवा रबराची पट्टी चिकटवावी. जुन्या गादीचे किंवा गोणपाटाचे तुकडे बांधण्याची पद्धत दिसते, ती नको. पावसाळ्यात ते ओल धरतात आणि त्यात अडकलेली रेती रंगावर घासते.

चाक अडवण्यासाठी अर्धी वीट किंवा लोखंडी अँगल ठेवला जातो. वीट सरकते आणि अँगलच्या धारेने टायरची बाजू कापली जाते. जमिनीत बोल्टने बसवलेला रबरी अडथळा चांगला. मात्र त्याची जागा भिंतीपासून अंदाजाने ठरवू नये. मागच्या चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपासून बंपरच्या टोकापर्यंतचे अंतर प्रत्येक गाडीत वेगळे असते. ते मोजून, त्यात किमान एक फूट मिळवून अडथळा बसवावा. गाडी पुढून लावत असाल तर त्याची उंची दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर पुढच्या बंपरची खालची कड त्यावर चढते आणि रिव्हर्स घेताना ओढून निघते. छतातून सुतळीने चेंडू टांगून तो काचेला टेकला की थांबण्याची युक्तीही उपयोगी आहे, पण घरात दोन वेगवेगळ्या गाड्या असतील तर तिच्यावर विसंबू नये. दिवा गॅरेजच्या मागच्या भिंतीवर असावा आणि खांबांना कमरेपर्यंत काळे-पिवळे पट्टे असावेत, हे वेगळे सांगायला नको. आवाराच्या फाटकाला मात्र दोन्ही बाजूंना भक्कम आकडी हवी. जून-जुलैच्या वाऱ्यात मोकळे सुटलेले लोखंडी फाटक निम्म्यावर आलेल्या गाडीच्या दरवाजावर आदळते, आणि ते नुकसान ओरखड्यावर भागत नाही.

नुकसान झालेच तर विमा आहे, असे लोक म्हणतात, म्हणून त्याचाही हिशेब मांडतो. फक्त तृतीय पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या भिंतीला घासलेल्या स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळत नाही. सर्वंकष विमा असला तरी १५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी पहिले १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीसाठी २,००० रुपये मालकालाच सोसावे लागतात. बंपर, आरशाचे आवरण यांसारख्या प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापला जातो, अर्थात ही कपात टाळणारी शून्य घसाऱ्याची जोड विम्याला घेतली नसेल तर. सर्वांत मोठा तोटा लोकांच्या लक्षात येत नाही: दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि पाच वर्षांत ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. तिचे संरक्षण वेगळे घेतलेले नसेल, तर एका ओरखड्याच्या दाव्याने ती पूर्ण जाते. शिवाय मार्चमधला ओरखडा आणि ऑगस्टमधला पोचा एका दाव्यात बसत नाहीत. त्या दोन घटना, दोन दावे, दोन कपाती. किरकोळ ओरखड्यासाठी दावा करण्याआधी दुरुस्तीचा खर्च आणि पुढच्या हप्त्यातली वाढ शेजारी शेजारी मांडून पाहावी. ओरखडा पत्र्यापर्यंत गेला असेल तर मात्र पावसाळ्याआधी रंग लावून घ्यावा, कारण उघडा पत्रा गंजतो. बंपरवरचा ओरखडा थांबू शकतो.

आता राहिला सोसायट्यांचा प्रश्न, आणि तो बंगल्यांपेक्षा कितीतरी जास्त कुटुंबांचा आहे. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत मोटारीच्या एका जागेचे माप २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब असे आहे. प्रत्यक्षात खांबाची जाडी, पावसाच्या पाण्याचा पाइप, आगीसाठीची लाल नळी या सगळ्या गोष्टी याच मापात शिरलेल्या आढळतात. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकाने विकासकांना वाटपपत्र आणि विक्री करार यांच्यासोबत पार्किंगचे स्वतंत्र जोडपत्र द्यायला सांगितले असून त्यात जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतले नेमके ठिकाण लिहिणे बंधनकारक केले आहे. तुळईमुळे गाडी लावता येत नाही, लावली तर दरवाजा उघडत नाही, अशा तक्रारी आल्यामुळेच हे करावे लागले. ग्राहकांनी या जोडपत्रावर सही करण्याआधी त्या जागेवर उभे राहून टेप लावावा. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनीही आपल्या करारात असेच जोडपत्र मागावे आणि त्यातली रुंदी दोन खांबांच्या आतल्या कडांमधली, प्लास्टरनंतरची आहे असे स्पष्ट लिहून घ्यावे. यांत्रिक पार्किंग मिळणार असेल तर त्या यंत्राची वजनाची आणि उंचीची मर्यादाही त्यात यावी, कारण आज हॅचबॅक असलेले कुटुंब पाच वर्षांनी उंच गाडी घेते आणि ती फळीवर मावत नाही.

उत्पादकांकडे माझे मागणे छोटे आहे. माहितीपत्रकात रुंदीचे दोन आकडे छापावेत, एक आरसे मिटलेले असताना आणि एक उघडे असताना, आणि सोबत दरवाजाच्या पहिल्या टप्प्यापर्यंत उघडायला लागणारे अंतरही द्यावे. ही मापे त्यांच्या आराखड्यांत असतातच. जुन्या सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा बहुतेक ठिकाणी सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. त्यांच्या विषयपत्रिकेवर खांबांना रबरी कोपरे, उतारावर बहिर्गोल आरसा आणि जमिनीवरच्या पुसट झालेल्या रेघा नव्याने ओढणे, हे तीन विषय सभासदांनी आधी लेखी देऊन घ्यायला लावावेत. सूचना वेळेत दिली नाही तर ऐन सभेत 'पुढच्या वर्षी पाहू' असे उत्तर मिळते.

कळावे.

आपला,
एक वाचक
कोथरूड, पुणे